मुलाखतीचे पत्र का येत नाही?

वाचकाचे पत्र

मी सोलापूर जिल्ह्यातली. बी. ए. ६२ टक्के, भूगोलात एम. ए. ७१ टक्के. प्राध्यापकपदासाठीची राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा सेट झाली आहे, राष्ट्रीय पातळीवरची नेट नाही. सांगोला तालुक्यातली डाळिंब शेती आणि भूजल या विषयावर पीएचडी केली. खुली मौखिक परीक्षा गेल्या महिन्यात पार पडली. तीन शोधनिबंध छापून आले आहेत. पाच वर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवते आहे. वय ३६, प्रवर्ग ओबीसी. कागदपत्रांवर काही ठिकाणी माहेरचे नाव आहे. आतापर्यंत दोन ठिकाणी सहायक प्राध्यापकपदासाठी अर्ज केला, दोन्हीकडून मुलाखतीचे पत्रच आले नाही आणि कारणही कळले नाही. आता एका राज्य विद्यापीठाच्या भूगोल विभागाची आणि एका अनुदानित महाविद्यालयाची जाहिरात आली आहे. मुदत तीन आठवडे. दोन्हीकडे एकच अर्ज पाठवू का? संस्थेत पैसे मोजावे लागतात असे सगळे म्हणतात, मग अर्ज करण्यात अर्थ आहे का? आणि सीएचबी करत राहू की सोडू?

उत्तर

ताई, अर्जाला हात लावण्याआधी कागद-पेन घेऊन स्वतःचे गुण स्वतः काढा. मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवण्यासाठी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत दोन वेगळे तक्ते आहेत, एक विद्यापीठांसाठी आणि एक महाविद्यालयांसाठी. दोन्ही १०० गुणांचे, पण वाटणी निराळी. तुमचे दोन्ही अर्ज एकसारखे असू शकत नाहीत, ते यामुळेच.

विद्यापीठाच्या तक्त्यात तुमच्या बी. ए.ला १३ गुण मिळतात, एम. ए.ला २३, पीएचडीला ३०, सेटला ३. शोधनिबंधाला प्रत्येकी २, कमाल १०. अनुभवाला वर्षाला २, कमाल १०. महाविद्यालयाच्या तक्त्यात बी. ए.ला १९, एम. ए.ला तेच २३, पीएचडीला २५, सेटला ५. शोधनिबंधांना तिथे कमाल ६ गुण आहेत, अनुभवाला १०. म्हणजे विद्यापीठ संशोधनाला जास्त तोलते, महाविद्यालय पदवी आणि पात्रता परीक्षेला.

तुम्ही मनात धरलेली बेरीज बहुधा अशी असेल: पीएचडी धरून, तीन निबंधांचे ६ आणि पाच वर्षांचे १० मिळवून विद्यापीठात ८५. छाननी समिती याच अर्जाला ४५ किंवा ४६ देऊ शकते. मधले जवळपास ४० गुण जातात कुठे, तेच आता बघू. पत्र न येण्याचे कारण बहुतेक वेळा त्यातच असते.

सर्वात मोठा घास पीएचडीचा. मौखिक परीक्षा झाली म्हणजे पदवी मिळाली असे छाननीत धरत नाहीत. विद्यापीठाची अधिसूचना, म्हणजे ज्याला सगळे नोटिफिकेशन म्हणतात तो कागद, अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आत निघालेला असावा लागतो. तारीख एका दिवसाने पुढची असली तरी ३० गुण गेले. तुमच्याकडे तीन आठवडे आहेत. उद्याच विद्यापीठाच्या पीएचडी विभागात जा. मौखिक परीक्षेचा अहवाल, दोन्ही बहिःस्थ परीक्षकांचे अहवाल आणि प्रबंधाची दुरुस्त प्रत यांपैकी काय अजून पोचलेले नाही, ते तिथल्या टेबलावर विचारा. फाइल अडते ती बहुधा मार्गदर्शकांची एखादी सही राहिल्यामुळे किंवा प्रबंधाची सॉफ्ट कॉपी जमा न झाल्यामुळे. लेखी अर्ज द्या, जाहिरातीची प्रत जोडा, आवक क्रमांक घ्या. जाहिरातीची तारीख दाखवली की फाइल हलण्याची शक्यता वाढते. त्याच फेरीत, पीएचडी यूजीसीच्या कोणत्या वर्षाच्या नियमांनुसार झाली याचे प्रमाणपत्रही मागून घ्या. सेट असल्याने पात्रतेसाठी तुम्हाला त्याची गरज नाही, पण काही जाहिराती ते मागतात.

मग अनुभव. सीएचबीचा नियुक्ती आदेश साधारण ऑगस्टपासून एप्रिलपर्यंतचा असतो, म्हणजे नऊ महिने. वर्ष पूर्ण नसेल तर गुण त्या प्रमाणात कमी करायचे, असे नियमातच आहे. नऊ महिन्यांना २ नव्हे, दीड गुण. शिवाय विद्यापीठाची मान्यता नसलेली वर्षे सहसा बाजूला काढली जातात. पाचपैकी तीनच वर्षांची मान्यता पत्रे तुमच्या हातात असतील तर १० ऐवजी साडेचार गुण उरतात. काही जाहिरातींच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये तासिका तत्त्वावरचा अनुभव धरणार नाही असेही लिहिलेले असते, ते आधी वाचा. प्राचार्यांकडून अनुभव प्रमाणपत्र घेताना ‘पाच वर्षांपासून कार्यरत’ असे मोघम लिहून घेऊ नका. प्रत्येक वर्षाचा रुजू दिनांक, कार्यमुक्तीचा दिनांक, आठवड्याच्या तासिका, मान्यता पत्राचा क्रमांक व तारीख असा तक्ता मागा. राहिलेल्या दोन वर्षांचे प्रस्ताव महाविद्यालयाने पाठवलेच नव्हते की विद्यापीठात पडून आहेत, हेही कार्यालयात विचारून घ्या. पाठवलेले असतील तर मान्यता पत्राची दुसरी प्रत मिळू शकते.

शोधनिबंधांबाबत स्पष्ट बोलायला हवे. गुण समीक्षित नियतकालिकातल्या किंवा यूजीसीच्या यादीतल्या निबंधाला असतात. चर्चासत्राच्या स्मरणिकेत किंवा पुस्तकरूपी संकलनात छापलेला निबंध या रकान्यात बहुधा बसत नाही. पैसे भरून आठ-दहा दिवसांत छापून देणाऱ्या नियतकालिकातला निबंध तर अर्जात घालूच नका. विषयतज्ज्ञाला ती नावे पाठ असतात आणि असा एक निबंध दिसला की बाकीच्या चांगल्या कामाकडेही संशयाने पाहिले जाते. यूजीसीने मान्य नियतकालिकांची आपली ‘केअर’ यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली, त्यामुळे निबंध छापला तेव्हा नियतकालिक यादीत होते याचा पुरावा आता उमेदवारालाच द्यावा लागतो. त्या काळातले यादीचे छापील पान असेल तर जोडा. नसेल तर नियतकालिकाचे मुखपृष्ठ, संपादक मंडळाचे पान, अनुक्रमणिका, समीक्षकांच्या शेऱ्यांचा ईमेल आणि निबंधाचे पहिले पान असा संच करा. समीक्षकांचा ईमेल सहसा कोणी जोडत नाही, पण निबंध खरोखर तपासला गेला होता हे त्याच्याइतके स्वच्छ दुसरे काही दाखवत नाही. आणखी एक तपासा: प्रतिष्ठित नियतकालिकाचे नाव आणि आयएसएसएन क्रमांक चोरून बनवलेली नकली संकेतस्थळे बरीच आहेत. निबंध खऱ्या नियतकालिकाच्या अंकात दिसतो का, ते ग्रंथालयात जाऊन पाहा.

आता पुन्हा बेरीज करा. तीनपैकी एकच निबंध गुणांना पात्र ठरला आणि मान्यतेची तीनच वर्षे धरली तर पीएचडीसह विद्यापीठात तुमचे ७५.५ होतात, पीएचडीशिवाय ४५.५. महाविद्यालयात ७८.५ आणि ५३.५. अधिसूचना वेळेत निघाली नाही तरी महाविद्यालयाचा अर्ज करा, तिथे तुम्ही अगदीच मागे पडत नाही. विद्यापीठाचे शुल्क भरायचे की नाही, ते मात्र अधिसूचना पाहून ठरवा.

एक सावधगिरी. यूजीसीच्या नियमात हे गुण मुलाखतीला बोलावण्यापुरते आहेत, त्यानंतर निवड मुलाखतीवर. महाराष्ट्रातल्या राज्य विद्यापीठांच्या भरतीत मात्र शैक्षणिक गुण आणि मुलाखत यांची विभागणी अलीकडे बदलली आहे. त्यामुळे गुणांचा तक्ता या जाहिरातीसोबतचाच छापून घ्या. मैत्रिणीकडची जुनी जाहिरात किंवा व्हॉट्सअॅपवर फिरणारी पीडीएफ यावर विसंबू नका.

नाव आणि प्रवर्गाचे काम कंटाळवाणे, पण अपात्र यादीत जाणारे पुष्कळ अर्ज इथेच अडकतात. पदवीपर्यंत माहेरचे नाव आणि पीएचडीवर सासरचे असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नावबदलाच्या राजपत्राची प्रत अर्जाच्या सुरुवातीलाच लावा. ऑनलाइन अर्जात नाव भरताना जाहिरातीत सांगितले असेल तेच भरा. काहीच सांगितले नसेल तर आधार आणि सेटच्या प्रमाणपत्राशी जुळणारे. ओबीसीसाठी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेला चालू असलेले नॉन-क्रिमीलेअर असे तीन कागद लागतात. नॉन-क्रिमीलेअरची वैधता बहुधा ३१ मार्चला संपते, म्हणून तुमच्या दाखल्यावरची तारीख आजच बघा. बिंदुनामावलीनुसार, म्हणजे आरक्षणानुसार पदांचा क्रम लावणाऱ्या नोंदीनुसार, कोणते पद कोणत्या प्रवर्गाला आहे तेही नीट वाचा. भूगोलाचे एकच पद असेल आणि ते ओबीसीला नसेल, पण खुले असेल, तर अर्ज खुल्या पदासाठी करता येतो. तिथे प्रवर्गाची सवलत मिळत नाही एवढेच.

पुढे केंद्रीय विद्यापीठांत अर्ज कराल तेव्हा दोन गोष्टी बदलतात. महाराष्ट्राची सेट तिथे चालत नाही, ती महाराष्ट्र आणि गोव्यापुरती. आणि ओबीसीचा दाखला केंद्र शासनाच्या नमुन्यात, केंद्राच्या यादीत जात असेल तरच. राज्याच्या नमुन्यातला दाखला जोडल्याने चांगले अर्ज बाद होतात. गोव्यात सेट चालते, पण तिथे कोकणीचे ज्ञान आणि पंधरा वर्षांच्या रहिवासाची अट सहसा असते.

ऑनलाइन अर्ज भरला की काम संपले असे समजू नका. बहुतेक राज्य विद्यापीठे त्याची छापील प्रत सर्व जोडपत्रांसह मागतात, किती संच हे जाहिरातीत असते. ‘पोचण्याची’ तारीख आणि ‘पाठवण्याची’ तारीख यांत गल्लत करू नका. शक्य असेल तर हातपोच द्या आणि पोच घ्या, नाहीतर मुदतीच्या आठवडाभर आधी स्पीड पोस्ट. संच बांधण्याआधी प्रत्येक पानावर क्रमांक घाला, प्रत्येक प्रत स्वसाक्षांकित करा आणि पहिल्या पानावर एक तक्ता द्या: बाब, मागितलेले गुण, पुरावा पान क्रमांक. ‘पीएचडी, ३०, पान ४१.’ छाननीला बसलेल्या माणसासमोर असे शेकडो संच असतात. त्याला पान सापडले नाही तर तो शोधत बसत नाही, रकाना रिकामा राहतो. लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र मागितले असेल तर त्यांच्याच नमुन्यात द्या.

विद्यापीठाच्या अर्जात संशोधनावर एक-दोन पानांचे टिपण मागतात किंवा तुम्ही ते स्वतःहून जोडू शकता. इथे वेळ द्या. बहुतेक टिपणे अशी सुरू होतात: ‘डाळिंब हे महाराष्ट्रातील महत्त्वाचे फळपीक असून भूजल ही काळाची गरज आहे.’ हे वाक्य कोणीही लिहू शकते, त्यात तुमचे काम दिसत नाही. त्याऐवजी पहिल्या तीन ओळींत प्रश्न, पद्धत आणि निष्कर्ष येऊ द्या. किती गावे निवडली आणि कशाच्या आधारे. किती शेतकऱ्यांशी बोललात. भूजल पातळी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींवरून घेतली की स्वतः मोजली. पाणी खाली गेले तसे कोणी ठिबक वाढवले, कोणी टँकरने बाग जगवली, कोणी शेततळे घेतले आणि कोणी बाग काढून टाकली. तालुक्यात जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडत असताना हे पीक कसे टिकले, याचे तुमचे उत्तर दोन वाक्यांत मांडता यायला हवे.

मग टिपणाच्या उत्तरार्धात पुढच्या तीन वर्षांत काय करणार ते लिहा, विभागात जे आहे त्याच्याशी जोडून. त्या विभागात दूरसंवेदन आणि जीआयएसची प्रयोगशाळा असेल तर उपग्रह प्रतिमांवरून बागांखालचे क्षेत्र वर्षागणिक मोजण्याचा प्रस्ताव बसतो. नसेल तर तोच प्रस्ताव हवेत राहतो. विभागाचे संकेतस्थळ, अभ्यासक्रम आणि तिथल्या प्राध्यापकांचे निबंध वाचूनच हा भाग लिहा. महाविद्यालयाच्या अर्जात हे टिपण अर्ध्या पानावर आणा. तिथे तुम्ही प्रथम वर्षापासून कोणते पेपर शिकवले, प्रात्यक्षिके आणि क्षेत्रभेटी कशा घेतल्या, हे जास्त महत्त्वाचे.

मुलाखत साधारण दहा-पंधरा मिनिटांची असते, तीतच बरेचदा फळ्यावर शिकवून दाखवायला सांगतात. विषय अवघड निवडू नका. प्रथम वर्षाचा ‘पावसाचे प्रकार’ घ्या आणि प्रतिरोध पर्जन्यावर चार मिनिटे बोला. फळ्यावर पश्चिमेकडून पूर्वेकडे सह्याद्रीचा छेद काढा: समुद्र, कोकणपट्टी, कडा, पठार. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि घाट उतरून तीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्याही आत. हे दोन आकडे आकृतीवर लिहा आणि विद्यार्थ्याला विचारावे तसा प्रश्न टाका: ढग तेच, मग पाणी गेले कुठे? त्यावरून वर चढणारी हवा थंड होते, खाली उतरणारी तापते, इथवर या आणि पर्जन्यछायेत सांगोला दाखवून थांबा. व्याख्या पाठ म्हणण्यापेक्षा हे कितीतरी चांगले, शिवाय पुढचे प्रश्न तुमच्या प्रबंधाकडे वळतात, जिथे तुमची तयारी पक्की आहे.

त्या प्रश्नांत एक कळीचा येणारच: बागा कमी झाल्या त्या पाण्यामुळे की तेल्या रोगामुळे आणि खोडकिडीमुळे? दोन्ही कारणे वेगळी कशी केलीत? याचे उत्तर प्रबंधात असेल तर आकड्यासह सांगा. नसेल तर ती मर्यादा मान्य करून, कोणती माहिती मिळाली असती तर ती वेगळी करता आली असती ते सांगा. तज्ज्ञांना पद्धत समजणारा माणूस हवा असतो. विद्यापीठाच्या निवड समितीत कुलगुरू किंवा त्यांचे प्रतिनिधी, कुलपतींचे प्रतिनिधी, अधिष्ठाता, विभागप्रमुख आणि तीन बाहेरचे विषयतज्ज्ञ असतात. तांत्रिक प्रश्न तज्ज्ञच विचारतात, पण उत्तर सगळ्यांना समजेल अशा मराठीत द्या.

पात्र-अपात्र यादी लागली की हरकतीसाठी मोजकेच दिवस असतात. मागच्या दोन अर्जांची कारणे तुम्हाला कळली नाहीत याचा अर्थ बहुधा एवढाच, की यादी संकेतस्थळावर लागली आणि तुम्ही पत्राची वाट पाहत राहिलात. या वेळी मुदत संपल्यावर दर दोन दिवसांनी भरतीचे पान उघडा. हरकत घेताना तक्रारीचा सूर नको. ‘अनुभवाचे ० गुण दिले आहेत, मान्यता पत्रे पान ५२ ते ५४ वर आहेत’ इतके पुरे, पुराव्याच्या प्रतीसह.

पैशाचा प्रश्न. अशी मागणी होते हे तुम्ही ऐकले ते खोटे म्हणून झटकता येणार नाही. पण पैसे देऊ नका. ते बेकायदा तर आहेच, शिवाय त्या पैशाने पद पक्के होत नाही. अनुदानित महाविद्यालयात संस्थेने नियुक्तीचा आदेश दिला तरी आधी विद्यापीठाची मान्यता आणि मग उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाची वेतनमान्यता लागते. पद भरायला शासनाची परवानगी नसेल, बिंदुनामावली तपासलेली नसेल किंवा निवड समितीत विद्यापीठाचे प्रतिनिधी नसतील, तर मान्यता अडते आणि पगार सुरूच होत नाही. दिलेले पैसे परत मागायला कागद नसतो. पैशाच्या गोष्टी ऐकून अर्जच न करणे हेही नुकसानीचे. अर्ज करण्याआधी जाहिरातीत तीन गोष्टी शोधा: पद अनुदानित असल्याचा स्पष्ट उल्लेख, ना हरकत प्रमाणपत्राचा क्रमांक आणि विद्यापीठाने जाहिरात मंजूर केल्याचा उल्लेख. यातले काही दिसत नसेल तर महाविद्यालयाच्या कार्यालयात लेखी विचारा. कोणी पैशाची मागणी केलीच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर विचारता येते.

वयाची चिंता या दोन अर्जांपुरती सोडा. यूजीसीच्या नियमात सहायक प्राध्यापकासाठी कमाल वयाची अट नाही. सरकारी महाविद्यालयांची भरती एमपीएससीमार्फत होते आणि तिथे वयोमर्यादा असते. तो पर्याय डोक्यात असेल तर त्यांच्या जाहिरातींवर आतापासूनच लक्ष ठेवा.

सीएचबी या वर्षी सोडू नका, पण त्यावरच थांबूही नका. पीएचडीची अधिसूचना हातात आली की आयसीएसएसआरच्या (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या) पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपचा अर्ज करा, भूगोल त्यांच्या विषयांत आहे. पोस्ट-डॉक्टरल काम त्याच अनुभवाच्या रकान्यात धरले जाते आणि ते सलग बारा महिन्यांचे असल्याने वर्षाला पूर्ण २ गुण मिळतात, शिवाय त्यातून निबंध निघतात. एकच निबंध धरला तर विद्यापीठाच्या तक्त्यात प्रकाशनांचे ८ गुण तुमच्यासाठी अजून रिकामे आहेत. प्रबंधाच्या दोन प्रकरणांतून दोन चांगले निबंध निघाले तर त्यातले ४ भरतील, पण समीक्षेला सहा महिने ते वर्ष लागते, म्हणून पहिला याच महिन्यात पाठवा. आणि नेट द्या. वर्षातून दोनदा होते, सेटच्या जागी नेटचे गुण धरले की विद्यापीठात २ आणि महाविद्यालयात ३ वाढतात. मुख्य म्हणजे महाराष्ट्र आणि गोव्याबाहेर, जिथे तुमची सेट चालत नाही, तिथेही नेट चालते.